रंगपटांतील कारागीर : मॅक्स फॅक्टर

नाटक किंवा चित्रपट पाहून आपण घरीं परततों, तेव्हां आपल्या बोलण्यांत नटाचें नांव असतें, नटीचें असतें, गाणाऱ्याचें असतें, क्वचित् कथा लिहिणाराचेंही असतें. परंतु ज्या चेहऱ्यानें आपल्याला हंसविलें किंवा रडविलें, तो चेहरा पहांटे उठून ज्याच्या बोटांनीं सिद्ध केला, त्याचें नांव विचारण्याची आपल्याला आठवण होत नाहीं. मासिकांत नव्या पोषाखांचीं छायाचित्रें येतात. मोठ्या शहरांत पोषाखांचीं प्रदर्शनें भरतात, व त्यांत तरुण-तरुणी दिव्यांच्या झोतांतून क्षणभर चालून जातात. तेथेंही हीच गोष्ट. पडद्यामागें, आरशासमोर, घड्याळाकडे एक डोळा ठेवून एकामागून एक चेहरे रंगविणारा कारागीर कोणाला दिसत नाहीं. आणि त्यानें दिसूं नये अशीच त्या धंद्याची रीत आहे. त्याचें काम जितकें उत्तम, तितकें तें कमी दिसतें.

ह्या धंद्याला आजचें रूप ज्यानें दिलें, त्या मॅक्स फॅक्टरचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें योजिलें आहे. चेहरे रंगविणाऱ्याचें चरित्र शाळेच्या वार्षिकांत कशाला, असें कांहीं पालकांना वाटेल. रंग लावून नसलेलें रूप दाखविणें ही फसवणूकच नव्हे काय, अशीही शंका कोणी घेईल. ती शंका रास्त आहे. तिचें उत्तर देण्याची घाई न करतां आपण प्रथम त्या माणसाची हकीकत पाहूं.

मॅक्सचें मूळ नांव मॅक्सिमिलियन फॅक्टोरोविच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, पोलंडमध्यें, एका गरीब ज्यू कुटुंबांत त्याचा जन्म झाला. पोलंड त्या काळीं स्वतंत्र नव्हता. त्याचा हा भाग रशियाच्या झारच्या अंमलाखालीं होता. ज्या वुच शहरांत त्याचें बालपण गेलें, तें आपल्याकडील सोलापुराप्रमाणें कापडगिरण्यांचें शहर. घरांत खाणारीं तोंडें पुष्कळ आणि मिळकत बेताची, त्यामुळें शाळा त्याच्या वांट्याला फारशी आली नाहीं. सातव्या वर्षीं तो एका नाटकगृहाच्या दालनांत संत्रीं आणि गोळ्या विकीत असे, असें सांगतात. आठव्या वर्षीं तो औषधें विकणाऱ्याच्या व दांतांच्या वैद्याच्या हाताखालीं राहिला, आणि नवव्या वर्षीं टोप करणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवारी करूं लागला.

टोप करणें हें किती चिकाटीचें काम आहे याची आपल्यापैकीं पुष्कळांना कल्पना नसेल. बारीक जाळी ताणून धरावयाची, आंकडीनें केंस तिच्या छिद्रांतून ओढावयाचा, त्याची गांठ मारावयाची, आणि मग पुढचा केंस घ्यावयाचा. असे हजारों केंस बसवावे तेव्हां एक टोप पुरा होतो. एक गांठ सैल राहिली तरी ती विंचरतांना उघडी पडते. ज्या वयांत आपलीं मुलें पाढे पाठ करतात, त्या वयांत मॅक्सचीं बोटें ह्या गांठी मारावयास शिकलीं. औषधाच्या दुकानांतील तोलून-मापून मिसळण्याची संवय आणि टोपवाल्याकडची ही चिकाटी, ह्या दोन गोष्टींचें भांडवल त्याला जन्मभर पुरलें.

पुढें कांहीं काळ बर्लिन येथें एका नामांकित केशरचनाकाराच्या हाताखालीं राहून तो मॉस्कोस गेला. तेथें शाही ऑपेराच्या मंडळींना टोप व रंग पुरविणाऱ्या कारागिराकडे त्याला काम मिळालें. तेव्हां त्याचें वय अवघें चौदा वर्षांचें होतें. अठराव्या वर्षीं सक्तीची लष्करी चाकरी आली. ती त्यानें रुग्णपथकांत केली. तींतून सुटल्यावर मॉस्कोच्या आग्नेयीस असलेल्या र्‍याझान गांवीं त्यानें स्वतःचें लहानसें दुकान थाटलें, व टोप, लाली, मलमें आणि सुगंधी द्रव्यें स्वतःच्या हातानें तयार करून तो विकूं लागला. एका फिरत्या नाटकमंडळीनें त्याचा माल घेतला. ती मंडळी सरदार-दरकदारांपुढें खेळ करीत असे. तिच्या नटांचे चेहरे पाहून हा रंग कोणाचा, अशी विचारणा झाली, आणि थोड्याच काळांत र्‍याझानचा हा दुकानदार झारच्या घराण्याच्या व शाही ऑपेराच्या सेवेंत दाखल झाला.

एवढें ऐकल्यावर त्याचें नशीब उघडलें असें कोणालाही वाटेल. परंतु राजाश्रयाची दुसरी बाजूही होती. ज्याच्या हातांवांचून दरबारच्या स्त्रियांचें चालत नसे, त्या माणसाला स्वतःच्या मर्जीनें कोठें जाण्या-येण्याची मोकळीक नव्हती. एस्थर रोझा नांवाच्या मुलीशीं त्याचें लग्न झालें, तेंही गुप्तपणें. आणि त्यांना तीन मुलें झालीं तरी बायको-मुलांना तो चोरून भेटत असे. शिवाय तो ज्यू होता. रशियांत त्या काळीं ज्यू लोकांवर वारंवार हल्ले होत असत. १९०३ सालीं किशिनेव्ह शहरीं झालेल्या भयंकर दंगलीनें तर साऱ्या जगाचें लक्ष वेधलें. राजवाड्याला मॅक्सचा हात हवा होता; परंतु ज्या लोकांत तो जन्मला होता, त्यांना त्या राज्यांत निर्भयपणें जगतां येत नव्हतें. हात पाहिजे पण माणूस नको, हा न्याय आपल्या देशालाही अपरिचित नाहीं. ज्यांनीं घडविलेल्या वस्तु घरांत चालत, पण ज्यांचें पाऊल उंबरठ्याच्या आंत चालत नसे, असे कारागीर आपल्याही गांवोगांवीं होते.

१९०४ सालीं मॅक्सनें रशिया सोडण्याचा निश्चय केला. उघडपणें जाणें शक्यच नव्हतें. त्याच्या कुटुंबांत चालत आलेली हकीकत अशी कीं, त्यानें स्वतःच्याच चेहऱ्यावर पिवळट रंगाचा हलका हात फिरवून आपण आजारी असल्याचें भासविलें. हवापालटासाठीं त्याला कार्ल्सबाडच्या उष्ण झऱ्यांवर जाण्याची परवानगी मिळाली. तेथें बायको व मुलें येऊन मिळालीं, आणि तेथून हें कुटुंब समुद्रकांठ गांठून अमेरिकेस जाणाऱ्या बोटींत चढलें. आयुष्यभर दुसऱ्यांचे चेहरे रंगविणाऱ्या ह्या माणसानें स्वतःचा चेहरा रंगविला तो एकदांच, आणि तो जीव वांचविण्यासाठीं. अमेरिकेच्या बंदरावर उतरतांना फॅक्टोरोविच हें लांबलचक आडनांव आंखूड होऊन त्याचें फॅक्टर झालें.

त्या वर्षीं सेंट लुइस शहरीं मोठें जागतिक प्रदर्शन भरलें होतें. मॅक्सनें एक भागीदार घेऊन तेथें टोप, लाली व मलमें विकण्याचें दुकान मांडलें. माल खपला, परंतु त्याचा भागीदार सारा पैसा घेऊन पळून गेला. परक्या देशांत भाषा येत नाहीं, कायदा ठाऊक नाहीं, हातीं भांडवल नाहीं, अशा स्थितींत तो सांपडला. त्याच शहरांत राहणाऱ्या भावाच्या व चुलत्याच्या मदतीनें त्यानें केशकर्तनाचें दुकान काढलें. काल झारच्या घराण्यांतील स्त्रियांचे केंस विंचरणारा हात आज मजुरांच्या दाढ्या करूं लागला, आणि त्याबद्दल त्यानें कमीपणा मानला नाहीं. दुःखाचा आणखी एक घाव व्हावयाचा होता. १९०६ सालीं एस्थर मेंदूंत रक्तस्राव होऊन अकस्मात् वारली. तोंवर चौथें मूल झालेलें होतें. मॅक्सचा दुसरा विवाह टिकला नाहीं. १९०८ सालीं जेनी कुक हिच्याशीं त्याचें लग्न झालें, आणि तिनें त्या पोरक्या मुलांचा सांभाळ केला.

त्याच वर्षीं तो सहकुटुंब पश्चिमेकडे लॉस एंजिल्स शहरीं गेला. तेथें नाटकमंडळ्या होत्या, आणि नुकताच जन्मलेला चित्रपटाचा धंदा तिकडे पाय रोवूं लागला होता. मॅक्सनें टोप, गंगावनें व नाटकाचे रंग विकण्याचें दुकान घातलें. चित्रपटांत कामें करणारे नट त्याच्या दुकानावरून जातांना तो त्यांच्या चेहऱ्यांकडे निरखून पाही. कोणीं पीठ फासलेलें, कोणीं चरबीवर विटेची पूड लावलेली, कोणाच्या गालांवरील रंगाला भेगा पडलेल्या. ह्यांत कांहीं तरी मुळांतच चुकत आहे, हें त्याच्या ध्यानांत आलें.

काय चुकत होतें तें मुलांनीं नीट समजून घेण्यासारखें आहे. नाटकाचा रंग कांडीच्या रूपानें येई व तो जाड थरानें लावीत. नाटकगृहांत प्रेक्षक दूर बसलेला असतो, म्हणून तो थर आणि त्याच्या भेगा त्याला दिसत नाहींत. चित्रपटांत मात्र नटाचा चेहरा भिंतीएवढा मोठा होऊन आपल्यासमोर येतो, आणि नट हंसला कीं त्याच्या गालावरील लेप सुकलेल्या तळ्याच्या चिखलाप्रमाणें तडकलेला दिसतो. दुसरी अडचण फिल्मची. त्या काळच्या फिल्मला निळा रंग फार लवकर उमटे, पण तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळें निळे डोळे पांढरेफटक दिसत, आणि गुलाबी गाल व तांबडे ओठ काळे पडत. निरोगी माणूस पडद्यावर आजारी दिसे. म्हणजे खोटेपणा प्रथम केला तो यंत्रानें. रंग लावणाऱ्यास तो खोटेपणा दुरुस्त करावयाचा होता. ह्याच सुमारास, १९१३ सालीं, आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनीं मुंबईस ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. स्त्रिया कामास मिळेनात, म्हणून साळुंके नांवाच्या तरुणाला तारामती करावें लागलें. दाढीमिशांचा पुरुष कॅमेऱ्यापुढें राणी म्हणून उभा करणें ही केवढी रंगभूषेची परीक्षा असेल, याचा विचार वाचकांनींच करावा.

मॅक्सनें आपल्या दुकानाच्या मागील खोलींत प्रयोग आरंभिले. औषधवाल्याकडे शिकलेली विद्या येथें उपयोगास आली. १९१४ सालीं त्यानें कांडीऐवजीं मलमासारखा पातळ, बारीक थरानें पसरणारा व चेहऱ्याबरोबर हलणारा रंग तयार केला. त्याच्या बारा छटा होत्या. हा रंग तडकत नसे. मोठमोठे नट सकाळीं त्याच्या दुकानीं येऊन रंग लावून घेऊं लागले. त्या दुकानांत श्रीमंत नटाला आणि दोन रुपये रोजावर गर्दींत उभ्या राहणाऱ्या मनुष्याला एकाच आरशासमोर बसावें लागे, असें चित्र आपण डोळ्यांपुढें आणावें. कारण फिल्मला मोठ्या-लहानाचा भेद कळत नाहीं.

टोपांच्या बाबतींतली एक गंमत सांगतात. त्या वेळीं कांहीं चित्रपटांत टोपाऐवजीं गवत किंवा गादींतील भरण डोक्यावर चिकटवून वेळ मारून नेत. सेसिल डी मिल हा दिग्दर्शक १९१४ चा ‘द स्क्वॉ मॅन’ हा चित्रपट काढीत असतां मॅक्सनें खऱ्या केसांचे टोप पुढें केले. विकत घेण्याइतका पैसा दिग्दर्शकाजवळ नव्हता, म्हणून मॅक्सनें ते भाड्यानें दिले. मात्र अट अशी घातली कीं, आपल्या मुलांना चित्रपटांत गर्दींतील कामें द्यावींत. पोरें दिवसभर कॅमेऱ्यासमोर धांवत आणि संध्याकाळीं सारे टोप मोजून बापाकडे परत आणीत. सेंट लुइसच्या भागीदारानें दिलेला धडा तो विसरला नव्हता.

ओठांचीही अशीच एक हकीकत आहे. स्टुडिओंतील दिव्यांच्या उष्णतेनें ओठांचा रंग वितळून कोपऱ्यांकडे ओघळत असे. मॅक्सनें ओठांचे कोपरे कोरे ठेवले. त्यानें अंगठा रंगांत बुडवून वरच्या ओठावर दोन ठसे व खालच्या ओठावर एक ठसा उमटविला, आणि ओघळ थांबला. प्रेक्षक स्त्रियांना हें कारण ठाऊक नव्हतें. त्यांना वाटलें, ही नवी फॅशनच आहे, आणि गांवोगांवच्या तरुणी आरशासमोर तसेच ओठ रंगवूं लागल्या! एका कारागिरानें दिव्याच्या उष्णतेवर योजलेला उपाय लाखों लोकांनीं सौंदर्याचा नियम म्हणून उचलला. ज्या फॅशनच्या मागें आपण धांवतों, तिच्या मुळाशीं पुष्कळदां एवढेंच असतें.

त्या काळीं अमेरिकेंतही सभ्य घराण्यांतील स्त्री उघडपणें चेहरा रंगवीत नसे. रंग हा नटींचा, असा समज होता. मॅक्सचें म्हणणें असें होतें कीं, रंग दिसला तर तो चुकला. प्रत्येकीची कातडी, केंस व डोळे यांच्या वर्णाशीं जुळेल असाच रंग तिला द्यावा, हें तत्त्व त्यानें १९१८ सालीं मांडलें. त्याआधीं एकच पांढरी पूड सगळ्यांना फासली जात असे. गिऱ्हाईक आलें कीं तो प्रथम त्याच्याकडे बराच वेळ पाही, व मग डबी उघडी. प्रत्येक चेहरा निराळा आहे, हें ओळखणें हाच त्याच्या धंद्याचा पाया होता. १९२० च्या सुमारास त्यानें आपल्या मालाला ‘मेकअप’ हा रंगपटांतला शब्द बेधडक लावला. पुढें तो शब्द जगभर गेला, आणि आज तो आपल्या मराठीच्याही तोंडीं बसला आहे.

काम वाढत गेलें. १९२५ च्या ‘बेन-हर’ ह्या भव्य चित्रपटाचे कांहीं प्रवेश इटलींत व कांहीं अमेरिकेंत घेतले होते. दोन्ही ठिकाणच्या गर्दींतील लोकांचा वर्ण सारखा दिसावा म्हणून मॅक्सच्या कारखान्यानें सुमारें ६०० गॅलन रंग तयार करून दिला. त्यानंतर बोलपट आले. जुने दिवे गुणगुणत असत व तो आवाज यंत्रांत शिरे, म्हणून नवे दिवे आले. त्या दिव्यांचा प्रकाश तांबूस, म्हणून सर्व रंग ओळखणारी नवी फिल्म सरसकट वापरांत आली. आणि फिल्म बदलतांच मॅक्सचे जुने रंग निकामी झाले. चौदा वर्षें ज्यावर नांव मिळविलें, तें एका हंगामांत टाकून द्यावें लागलें. दुसरा कोणी हळहळत बसला असता. मॅक्सनें १९२८ सालीं नव्या दिव्यांखालीं कित्येक महिने परीक्षा घेऊन नव्या छटा सिद्ध केल्या, व त्याबद्दल चित्रपटांच्या अकादमीनें त्याला विशेष प्रशस्तिपत्र दिलें.

१९३५ सालीं हॉलिवुडमध्यें त्याचें भव्य सौंदर्यगृह उघडलें. स्त्रियांच्या केसांच्या वर्णाप्रमाणें तेथें चार खोल्या होत्या. सोनेरी केसांच्या स्त्रियांसाठीं निळी, गडद केसांसाठीं गुलाबी, तांबड्या केसांसाठीं हिरवी, आणि पिंगट केसांसाठीं पीच फळाच्या रंगाची. तत्पूर्वीं, १९३२ च्या सुमारास, चेहऱ्याची मापें घेण्याचें धातूच्या पट्ट्यांचें व स्क्रूंचें एक यंत्रही त्यानें केलें होतें. नाक कोठें किंचित् वांकडें, भुंवई कोठें खालीं, हें त्यावरून कळे. कॅमेरा बारीक व्यंग मोठें करून दाखवितो, म्हणून त्या धंद्यांत असल्या मापांचा कांहीं उपयोग असेल. तथापि येथें मात्र आपण त्याच्या मागें डोळे मिटून जाऊं नये. प्रत्येक चेहरा निराळा म्हणणारा माणूस चेहऱ्याला फूटपट्टी लावूं लागला, कीं आपल्याच तत्त्वापासून दूर जातो. आणि त्या चार खोल्यांच्या योजनेंत सांवळ्या वर्णाच्या स्त्रीचा विचार केलेला नव्हता. आपल्या देशांत गोऱ्या वर्णाचें वेड आधींच थोडें नाहीं. आरसा पाहून उदास होणाऱ्या आपल्या मुलींना आईबापांनीं एवढें अवश्य सांगावें कीं, जें यंत्र कॅमेऱ्यासाठीं केलें होतें, तें माणसाची किंमत ठरविण्यासाठीं नव्हतें.

आतां त्याच्या शेवटच्या मोठ्या कामाकडे वळूं. रंगीत चित्रपट आले आणि पुन्हां जुना लेप निरुपयोगी ठरला. त्याला चकाकी असे, व त्या चकाकींत आसपासच्या वस्तूंचे रंग उमटत. हिरव्या पडद्याजवळ उभ्या राहिलेल्या नटीचा गाल हिरवा दिसूं लागला. कांहीं नटींनीं रंगीत चित्रपटांत कामच करणार नाहीं, असें म्हटलें. मॅक्स व त्याचा मुलगा फ्रँक ह्या प्रश्नाच्या मागें लागले. मध्यंतरीं १९३६ च्या सुमारास मॅक्सला मोटारीचा अपघात झाला, व तो अंथरुणास खिळला असतां फ्रँकनें काम पुढें चालविलें. त्यांनीं अखेर जो रंग केला तो चपट्या डबींतील घट्ट वडीसारखा होता. ओल्या स्पंजानें तो लावावयाचा. लावतांच तो वाळे, चकाकत नसे, आणि कातडीवरील डाग झांकूनही कातडीसारखाच दिसे. तोच ‘पॅन-केक’.

ह्या रंगाची पहिली मोठी परीक्षा झाली ती ‘व्होग्स ऑफ १९३८’ नांवाच्या रंगीत चित्रपटांत. हा चित्रपट १९३७ सालीं प्रदर्शित झाला. त्याची कथाच मुळीं एका पोषाखांच्या पेढीची होती, आणि तींत पोषाख मिरविण्याचा धंदा करणाऱ्या न्यूयॉर्कच्या तरुणी घेतल्या होत्या. पोषाखांचीं प्रदर्शनें, छायाचित्रें व रंगभूषा ह्या तिन्ही गोष्टी तेथें एकत्र आल्या. रंग इतका साधला कीं, त्या तरुणी डब्या लपवून घरीं नेऊं लागल्या. मागणी उघड दिसत होती. फ्रँक म्हणे, आतां तो बाजारांत आणूं. मॅक्सनें तूर्त नकार दिला. त्या छटा स्टुडिओच्या प्रखर दिव्यांसाठीं केलेल्या होत्या. साध्या उजेडांत त्यांनीं चेहरा काळवंडलेला दिसे. जो माल दिव्यांखालींच शोभतो, तो दिवसाच्या उजेडांत वावरणाऱ्या बाईला विकावयाचा कसा? फ्रँकनें फिक्या छटा तयार केल्या, आणि तेव्हांच, १९३८ सालीं, पॅन-केक लोकांच्या हातीं गेला. मासिकांतून त्याची रंगीत जाहिरात झळकली व खप अफाट झाला.

तो खप पाहण्यास मॅक्स फार दिवस राहिला नाहीं. त्याच वर्षीं तो एका मुलाबरोबर युरोपच्या प्रवासास गेला असतां पॅरिस मुक्कामीं त्याच्या हातीं एक निनांवी चिठ्ठी पडली. पैसे दे, नाहीं तर जीव घेऊं, असा तिचा आशय होता. पोलिसांनीं सांपळा रचला, पण कोणी आलें नाहीं. झारच्या पहाऱ्यांतून निसटलेला तो वृद्ध मनुष्य ह्या धक्क्यानें खचला. त्याला घरीं परत आणलें, आणि ३० ऑगस्ट १९३८ रोजीं त्याचा अंत झाला. फ्रँकनें पुढें वडिलांचेंच नांव धारण करून धंदा चालविला. १९७३ सालीं तो कुटुंबाच्या हातून गेला. हॉलिवुडच्या त्या चार रंगांच्या खोल्यांच्या इमारतींत आतां चित्रपटसृष्टीचें संग्रहालय आहे.

त्याच्या डबीचा प्रवास आपल्या देशापर्यंतही झाला. मद्रासच्या जेमिनी स्टुडिओंत पॅन-केकचे ढीग येत, हें तेथें नोकरी केलेल्या अशोकमित्रन ह्या तमिळ लेखकानें लिहून ठेविलें आहे. आपल्या रंगपटांतही ‘पॅनकेक’ हा शब्द रंगभूषाकारांच्या बोलण्यांत रुजला. परंतु डबी आली तरी हात पाहिजे पण माणूस नको, हा जुना न्याय गेला नाहीं. मुंबईच्या चित्रपटधंद्यांत रंगभूषाकारांच्या संघटनेच्या नियमानें कित्येक वर्षें स्त्रियांना रंगभूषेचें काम करण्याची बंदी होती. त्यांनीं केंस विंचरावेत, पण चेहऱ्याला रंग लावूं नये! शिकून तयार झालेल्या स्त्रिया चोरून काम करीत. शेवटीं १० नोव्हेंबर २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ही बंदी घटनाविरुद्ध ठरवून मोडून काढली. आज आपल्या शाळेंतील एखाद्या मुलीला हें काम शिकावेंसें वाटलें, तर तिला चोरून शिकण्याचें कारण उरलेलें नाहीं, हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां आरंभींच्या शंकेकडे वळूं. रंग लावणें ही फसवणूक आहे काय? ह्या चरित्रावरून असें दिसतें कीं, फसवणूक रंगांत नसते, ती हेतूंत असते. यंत्राची चूक दुरुस्त करणारा, भेगा बुजविणारा, आपला माल कोणत्या उजेडांत खरा ठरतो हें तपासून मगच तो विकणारा कारागीर फसवीत नाहीं. भागीदाराचा पैसा घेऊन पळणारा माणूस चेहऱ्याला कांहींच न लावतां फसवितो. ज्याला हा धंदा करावयाचा असेल त्यानें डबी घेण्यापूर्वीं मॅक्सची पाहण्याची रीत घ्यावी. पुढें बसलेला मनुष्य नट असो, पोषाख मिरविणारी तरुणी असो, कीं लग्नाच्या दिवशीं घाबरलेली वधू असो, तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहावें, तिला काय हवें तें समजून घ्यावें, हात स्वच्छ ठेवावे, आणि काम संपतांच आरशापासून बाजूला व्हावें.

आणि विद्यार्थिमित्रहो, जे तुम्ही हा धंदा करणार नाहीं, त्यांच्याकडे एकच मागणें आहे. पुढच्या खेपेस शाळेच्या संमेलनांत तुमचें नाटक रंगेल, टाळ्या पडतील, तेव्हां पडदा पडल्यावर आंत जा. तेथें कोणी तरी एकटा बसून रंगाच्या डब्या पुशीत असेल, टोप झटकून पेटींत ठेवीत असेल. त्याला त्याचें नांव विचारा.